झडप बंद आहे, हे कोणी पाहिले?



ज्या शाळेत मी अनेकदा वर्गाबाहेर उभा राहिलो, त्याच शाळेने आज मला व्यासपीठावर खुर्ची दिली, याबद्दल मी सर्वप्रथम संस्थेचे आभार मानतो. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांना आपण सगळे नुसते ‘सर’ म्हणत असू. शाळेत शिक्षक पुष्कळ होते, पण ‘सर’ म्हटले की ते विज्ञानाचेच. ते आज हयात असते तर पहिल्या रांगेत बसले असते, आणि माझ्या प्रत्येक विधानामागे त्यांनी ‘कशावरून?’ असे विचारले असते. ती भीती मनात ठेवूनच मी बोलणार आहे.

विषय कळवला तेव्हा चिटणीस महोदयांनी दूरध्वनीवर दोनदा खात्री करून घेतली. नावेच्या नळ्या आणि झडपा, आणि त्यांतून चुकून आत येणारे पाणी, हा काय गोविंदपुऱ्यात सांगायचा विषय? समुद्र येथून शेकडो मैल दूर. आपल्या मालकीचे पाणी म्हणजे राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा मोठा तलाव आणि त्याच्या शेजारचा लहान तलाव. तरीही मी हाच विषय घेतला, कारण आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मी जहाजांच्या इंजिनघरात काढली. आणि त्या इंजिनघरात जे शिकलो, त्याचा सर्वांत कठोर दाखला मला माझ्याच शहरात मिळाला. तो कसा, हे क्रमाने सांगतो.

आरंभ याच शाळेच्या व्हरांड्यात झाला. साल १९६८ किंवा ६९ असेल. सरांनी पायऱ्यांवर एक भरलेली बादली ठेवली, खालच्या पायरीवर एक रिकामी ठेवली, आणि रबरी नळीचे एक टोक वरच्या बादलीत बुडवून दुसरे टोक तोंडाने ओढले. नळीत पाणी भरताच ते टोक खालच्या बादलीत सोडले. पाणी आधी वर चढले, बादलीची कड ओलांडली आणि मग आपोआप खाली वाहू लागले. यालाच वक्रनलिका म्हणतात, हे आम्ही वहीत लिहिले. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. आम्ही पळालो, सरही शिक्षकांच्या खोलीत गेले. परत येऊन पाहतो तो खालची बादली केव्हाच भरून वाहिली होती, आणि पायरीवर ठेवलेले हजेरीपुस्तक भिजून चिंब झाले होते. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, “चूक माझी. नळीला घंटा ऐकू येत नाही, हे मी विसरलो.”

ते वाक्य मी समुद्रावर किती वेळा आठवले, याची गणती नाही.

माझे वडील त्या वेळच्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये फिटर होते. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते ज्या कारखान्याचे उद्‍घाटन झाले, त्यात काम मिळाले म्हणून आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबे विदर्भातून, खानदेशातून येथे आली आणि त्यांच्या मुलांसाठी ही शाळा होती. जलविद्युत केंद्रांची टर्बाइने आणि त्यांच्या तोंडावर बसणाऱ्या प्रचंड झडपा या कारखान्यात होत. वडील सांगत, “या झडपेला नुसते बंद करून भागत नाही, तिला यांत्रिक अडसरही असतो, कारण आत माणूस उतरतो.” तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. पुढे मी सागरी अभियांत्रिकी शिकून जहाजावर गेलो, तेव्हा सरांची नळी आणि वडिलांचा अडसर या दोनच गोष्टींवर माझा सगळा व्यवसाय उभा आहे, असे ध्यानात आले.

नाव म्हणजे काय? पाण्यात राखून ठेवलेली एक रिकामी जागा. ती जागा रिकामी आहे तोवर नाव तरंगते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील होडीला फक्त फळ्यांच्या सांध्यांची चिंता असे. सांध्यांत कापूस ठासला, तेल-राळ लावली, उरलेले पाणी उपसले की झाले. इंजिन आले आणि आपण स्वतःच्या हाताने नावेच्या तळाला भोके पाडू लागलो. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारे एक भोक, पंख्याचा दांडा बाहेर काढणारे दुसरे, शौचकूपाला पाणी घेणारे तिसरे आणि मैला बाहेर टाकणारे चौथे, मोरीचे पाचवे, साचलेले पाणी फेकणाऱ्या पंपाचे सहावे. प्रत्येक भोकावर झडप, झडपेला नळी, नळीला आवळपट्टी. यांतील काहीही एक निकामी झाले की ती रिकामी जागा भरू लागते.

किती वेगाने भरते, याचा हिशेब येथील नववी-दहावीचा विद्यार्थी करू शकेल. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाचे भोक असेल, म्हणजे आपल्या मुठीहूनही लहान, तर त्यातून मिनिटाला सुमारे तीनशे लिटर पाणी आत येते. पंधरा लिटरची बादली धरली तर दर तीन सेकंदांना एक बादली. दोन माणसांनी कितीही जिवाच्या आकांताने उपसले तरी हा वेग गाठता येत नाही. लहान नावेवरचा विजेचा सामान्य पंप मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर फेकतो, तोही बॅटरी जिवंत असेपर्यंत. भोकाचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट. मोठ्या जहाजाच्या इंजिनघरात तर सात मीटर खोलीवर तीस सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या असतात; तशी एक उघडी पडली तर सेकंदाला जवळजवळ अर्धा टन पाणी आत येईल. म्हणून पाणी आत आल्यावर काय करायचे, हा दुय्यम प्रश्न होय. ते आत येऊच नये, यासाठी आधी काय करून ठेवायचे, हा खरा प्रश्न.

वादळात बुडणाऱ्या नावांच्या कथा आपण वाचतो. पण नावांचा विमा उतरवणाऱ्यांचा अनुभव असा की, लहान नावा खुल्या समुद्रात बुडतात त्याहून अधिक धक्क्याला बांधलेल्या असताना बुडतात. रात्री, आत कोणी नसताना, आवाज न करता. कारणे पाहिली तर ती फार क्षुल्लक असतात. नळीवरची आवळपट्टी गंजून तुटलेली असते. झडप स्वस्त पितळेची असते. खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरतो तो तांब्याचा गुलाबीसर, सच्छिद्र सांगाडा, जो बाहेरून धडधाकट दिसतो आणि हाताच्या एका धक्क्याने मोडतो. कोठे पंपाची बाहेर टाकणारी नळी पाण्याच्या पातळीला फार जवळ असते. पावसाने किंवा ओझ्याने नाव थोडी खाली बसते, नळीचे तोंड पाण्यात जाते, पंप थांबतो, आणि ज्या नळीने पाणी बाहेर गेले त्याच नळीने ते परत येऊ लागते. ही तीच सरांची व्हरांड्यातली नळी.

या नळीवर उपाय आहे, आणि तो अगदी साधा आहे. नळीला पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर नेऊन तेथे वाकवायचे, आणि त्या वाकणाच्या माथ्यावर हवा आत घेणारे एक छोटे छिद्र ठेवायचे. हवा शिरली की पाण्याची साखळी तुटते. शौचकूपाचे भांडे पाण्याच्या पातळीखाली असेल तर या छिद्राशिवाय नाव सुरक्षित नाही. परंतु त्या छिद्रातही मीठ साचते, ते बुजते, आणि बुजले आहे हे बाहेरून कळत नाही. काही जण म्हणतात, आम्ही एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली आहे, आता भय नाही. त्या झडपेच्या ओठांत काडी किंवा केसांचा गुंता अडकला की ती अर्धवट उघडीच राहते. तात्पर्य, प्रत्येक उपायाकडेही पुन्हा पाहावे लागते. समंजस नावाडी प्रत्येक झडप महिन्यातून एकदा उघडून-मिटून पाहतो, म्हणजे ती जाम होत नाही. नाव सोडून जाताना झडपा बंद करतो. प्रत्येक नळीला दुहेरी पट्टी लावतो. आणि प्रत्येक झडपेजवळ दोरीने एक निमुळती लाकडी गुडदी बांधून ठेवतो, म्हणजे झडपच मोडली तर भोकात ठोकता यावी. या सर्व उपायांत गुडदी सर्वांत स्वस्त आहे, आणि झडप मोडल्यावर तीच सर्वांत आधी हाती लागते.

आता एक अनुभव. मी नवा होतो, १९८० च्या आसपासची गोष्ट. जहाजाचे आणि कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या मोठ्या नळीवर गाळणी असते. तीत शेवाळ, शिंपले, प्लास्टिक अडकते, ते काढावे लागते. मी झडपेचे चाक फिरवून घट्ट केले, दर्शकाची सुई ‘बंद’वर आली, आणि मी गाळणीच्या झाकणाचे सगळे नट काढायला लागलो. माझ्याबरोबर रत्नागिरीकडचे एक वयस्क फिटर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझा पाना धरला. “साहेब, समोरासमोरचे दोन नट राहू द्या. नुसते सैल करा. आधी झाकण हलवून बघू.”

मी म्हणालो, “चाचा, झडप बंद आहे. मीच केली आहे.”

“तुम्ही चाक बंद केलंत साहेब. झडप बंद झाली का, ते पाणी सांगेल.”

झाकण पहारीने किंचित उचलताच कडेने पाण्याचा पंखा सुटला आणि मी भिंतीवर आदळलो. दोन नट होते म्हणून झाकण जागेवर राहिले. आम्ही ते पुन्हा आवळले. नंतर गोदीत पाहिले तेव्हा झडपेच्या बैठकीत एक लाकडाचा तुकडा चेपून बसला होता. चाक फिरले होते, सुई हलली होती, वाट मात्र उघडीच होती. त्या दिवशी चाचांनी इंजिनघरातील माणसांचे आणि कदाचित जहाजाचे प्राण वाचवले, आणि त्याबद्दल कोणत्याही वहीत एक ओळही लिहिली गेली नाही. मीही लिहिली नाही, कारण त्यात माझी चूक उघड झाली असती. ही कबुली मी आज प्रथमच जाहीरपणे देत आहे.

हा केवळ माझा अनुभव असता तर मी तो येथे आणला नसता. १९३९ साली नऊ दिवसांच्या अंतराने दोन पाणबुड्यांवर हेच घडले. २३ मे रोजी अमेरिकेची ‘स्क्वालस’ ही नवी पाणबुडी चाचणीसाठी बुडी मारत होती. इंजिनांना हवा पुरवणाऱ्या मोठ्या नळीची झडप बंद असल्याचे फलकावरच्या दिव्यांनी दाखवले. प्रत्यक्षात ती उघडी होती. २६ माणसे बुडाली. उरलेल्या ३३ जणांना एका विशेष पेटीतून वर काढता आले. पुढे १ जून रोजी इंग्लंडच्या लिव्हरपूल उपसागरात ‘थेटिस’ ही पाणबुडी चाचणीवर निघाली. पाणतीर सोडणाऱ्या नळीत समुद्राचे पाणी आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिच्या आतल्या दारावर एक छोटी तोटी होती. तोटी उघडली, पाणी आले नाही, म्हणून दार उघडले. परंतु त्या तोटीचे भोक रंगाने बुजलेले होते, आणि नळीचे बाहेरचे तोंड समुद्राला सताड उघडे होते. जहाजावरच्या १०३ जणांपैकी ९९ जण मृत्यू पावले. त्या भोकात सारून पाहण्यासाठी एक सळई मुद्दाम दिलेली होती. ती कोणी वापरली नाही.

विचार करा, दोन्ही ठिकाणी खूण खोटे बोलली. ‘स्क्वालस’वर दिव्याने ‘बंद’ म्हटले, ‘थेटिस’वर तोटीने ‘कोरडे’ म्हटले. माणसांनी खुणेवर विश्वास ठेवला आणि वस्तूकडे पाहिले नाही.

तिसरे उदाहरण १४ एप्रिल १९४५ चे, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचे. जर्मनीच्या ‘यू-१२०६’ या पाणबुडीवर खोल पाण्यातही वापरता येईल असा नव्या पद्धतीचा शौचकूप होता. त्याच्या व्यवस्थेत बिघाड होऊन समुद्राचे पाणी आत आले. ऐकणाऱ्याला हसू येते. पण पुढे काय झाले ते ऐका. ते पाणी बॅटऱ्यांपर्यंत पोहोचले आणि क्लोरीनचा विषारी वायू निर्माण झाला. श्वास घेणे अशक्य झाल्यामुळे पाणबुडीला पृष्ठभागावर यावे लागले, आणि अखेर ती सोडून द्यावी लागली. म्हणजे नको त्या जागी शिरलेले पाणी केवळ बुडवते असे नाही. ते ज्या पदार्थाला भेटते त्यानुसार ते विषही तयार करते.

येथून पुढे मी काय बोलणार, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांना कळले असेल.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री आपल्या शहरात जे घडले, त्याचे वर्णन करण्याचा मला अधिकार नाही. कारण मी त्या रात्री येथे नव्हतो, हिंदी महासागरात होतो. बातमी रेडिओवर ऐकली. घरच्यांची खुशाली कळायला अकरा दिवस लागले. वाऱ्याचा रोख आपल्या वसाहतीकडे नव्हता म्हणून गोविंदपुरा बराचसा वाचला. पण माझ्या बाकावर शेजारी बसणारा माझा मित्र तेव्हा चांदबडला राहत असे. त्याची आई त्या रात्री गेली. तो स्वतः वाचला. पण ज्याच्या दमाला आमच्या कबड्डीच्या संघात तोड नव्हती, त्याला पुढे एक जिना चढताना तीनदा थांबावे लागे. राज्य सरकारने नोंदवलेले मृत्यू ३,७८७. २००६ च्या प्रतिज्ञापत्रात बाधितांची संख्या ५,५८,१२५ दिली गेली. मृतांचा खरा आकडा कोणता, हा वाद आजही मिटलेला नाही.

कारणाकडे मात्र इंजिनघरातल्या माणसाच्या नजरेने पाहू द्या. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ई-६१० या जमिनीखालच्या टाकीत सुमारे ४२ टन मिथिल आयसोसायनेट होते. त्यात पाणी शिरले. कसे शिरले, याविषयी दोन मते आहेत. भारतीय शास्त्रज्ञांच्या व इतर अनेक अभ्यासकांच्या मते, त्या संध्याकाळी नळ्या धुण्याचे काम चालू होते, आणि धुण्याचे पाणी गळक्या झडपांमधून, जोडनळ्यांच्या वाटेने टाकीपर्यंत पोहोचले. कंपनीचे म्हणणे असे की कोणीतरी जाणूनबुजून टाकीला पाण्याची नळी जोडली. पाणी आत गेले आणि त्यानेच सारा अनर्थ घडला, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंत मतभेद नाही. पाणी आणि ते रसायन यांच्या संयोगाने उष्णता वाढली, दाब वाढला, सुरक्षा-झडप उघडली आणि टाकीतील वायू झोपलेल्या शहरावर गेला.

नळ्या धुण्यापूर्वी झडप बंद करणे पुरेसे नसते. झडपेच्या पुढे दोन तोंडांच्या मध्ये लोखंडाची भरीव चकती सरकवून नळी ठार बंद करावी लागते. फिटर तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. आंधळी चकती, तिच्यातून काहीच दिसत नाही आणि काहीच जात नाही. त्या संध्याकाळी ती चकती बसवलेली नव्हती. चकती बसवणे हे एका विभागाचे काम, धुणे दुसऱ्या विभागाचे. आणि त्या पाळीतील दुरुस्ती-पर्यवेक्षकाचे पद काही दिवसांपूर्वीच कमी केलेले. बाहेरचे काही आत शिरू नये म्हणून टाकीत नायट्रोजनचा दाब ठेवतात. त्या टाकीत तो दाब ऑक्टोबरपासून टिकत नव्हता. रसायन थंड ठेवणारे यंत्र त्याच वर्षी बंद केलेले होते. निसटलेला वायू जाळणाऱ्या ज्वालास्तंभाची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. नावेच्या भाषेत सांगायचे तर झडप गळकी होती, पंप बंद होता, आणि गुडदी जागेवर नव्हती. नावेतील माणसांना निदान आपण नावेत आहोत हे ठाऊक असते. येथे लाखो माणसे अशा एका नावेत झोपली होती, जिच्या तळाविषयी त्यांना कोणीच काही सांगितले नव्हते.

१९८५ साली रजेवर आलो तेव्हा सरांना भेटायला गेलो. ते निवृत्त झाले होते आणि गॅसग्रस्त वस्त्यांतील मुलांना शिकवायला आठवड्यातून तीन दिवस सायकलने जात. त्यांनी मला विचारले, “तुमच्या जहाजावर पाणी आत येऊ नये म्हणून काय करतात?” मी आत्ता आपल्याला सांगितले ते सगळे सांगितले, झडपा, चकत्या, वाकण, छिद्र, आणि चाचांचे दोन नटही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे ज्ञान होते. साधनही होते. मग कमी काय पडले?”

मला उत्तर देता आले नाही. सरांनीही आग्रह धरला नाही. पण ‘कशावरून?’ विचारणाऱ्या माणसाचा हा प्रश्न मी चाळीस वर्षे बरोबर वागवला, आणि आज त्यांच्या स्मृतीपुढे माझे उत्तर ठेवतो. ते चुकीचे असेल तर आपण सुधारावे.

कमी पडली ती प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची सवय. चाक फिरवणे आणि वाट बंद होणे यांत अंतर असते; वहीत ‘बंद’ लिहिणे आणि चाक फिरवणे यांत त्याहून मोठे अंतर असते; आणि हे अंतर पायी चालत जाऊन, हाताने चाचपून भरून काढणारा माणूस कोणत्याही व्यवस्थेत सर्वांत खालच्या पगाराचा असतो. त्याने ‘थांबा’ म्हटले तर वरचा माणूस थांबेल, अशी रीत असेल तर नाव तरते. चाचांनी माझा पाना धरला तेव्हा मी वरिष्ठ होतो. मी त्यांचा हात झिडकारू शकलो असतो. मी तो झिडकारला नाही, यात माझे शहाणपण नव्हते. त्या जहाजावरच्या मुख्य अभियंत्याने तशी शिस्त घालून दिली होती, आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्याला तेथे कधी बोलणी खावी लागली नाहीत.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी नवी कलमे आली. ते आवश्यकच होते. परंतु कायदा कार्यालयात असतो आणि झडप तळघरात. त्या दोहोंना जोडणारा माणूस आपल्यातूनच निघाला पाहिजे.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीत स्वतःचे छोटे कारखाने आहेत. त्यांना माझी विनंती आहे. टाकी किंवा नळी उघडण्यापूर्वी झडपेवर विसंबू नका. चकती घाला, झडपेला कुलूप लावा, आणि त्या कुलपाची किल्ली जो माणूस आत उतरणार आहे त्याच्याच खिशात द्या. झाकण उघडताना दोन नट राखा. आणि वर्षातून एकदा तरी आपल्या सर्वांत कनिष्ठ कामगाराला विचारा, “येथे काय चुकेल असे तुला वाटते?” त्याचे उत्तर उभे राहून न ऐकता बसून ऐका. ज्यांच्या इंजिनाच्या नावा चालतात, त्यांनाही सांगणे आहे की, पावसाळ्यापूर्वी तळाची प्रत्येक झडप हाताने फिरवून पाहा, आणि रात्री नाव बांधताना ती बंद करा.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक सोपे काम. घरी नळाला रबरी नळी लावून तिचे टोक ड्रमात किंवा बादलीत बुडवून ठेवतात. पुरवठा बंद होऊन वाहिनीतला दाब उतरला की तेच बादलीतले पाणी, त्यात साबण असो वा चिखल, नळीवाटे उलटे ओढले जाऊन पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत जाऊ शकते. आज घरी गेल्यावर ते टोक पाण्याच्या वर चार बोटे उचलून ठेवा. मध्ये हवा राहिली की साखळी तुटते. आई विचारील, ‘हे काय?’ तेव्हा तिला आपल्या शाळेच्या पायऱ्यांवरच्या त्या दोन बादल्यांची गोष्ट सांगा.

माझा तो मित्र आज नाही. सर नाहीत. चाचा असतील असे वाटत नाही. वडिलांचा पाना माझ्या घरी भिंतीवर टांगलेला आहे. त्याला गंज चढू नये म्हणून मी अजूनही दर महिन्याला तेल लावतो, आणि त्या निमित्ताने गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची झडप एकदा उघडून-मिटून पाहतो. घरातली नातवंडे हसतात. सर हसले नसते.